खंदकातल्या लिंबोणी

लिंबोणींची पानं पिवळी पडायला लागली तेव्हा ओचानं सगळ्यात आधी शेजारच्या हयोतबीबीला शिव्या घातल्या. हयोतबीबी आदल्या आठवड्यात मीठ मागायला आली होती. खंदकाच्या काठावर उभी राहून ती म्हणाली होती, "बाई बाई, केवढाली ही लिंबं!" आणि वर देवाचं नाव घ्यायला विसरली होती. ओचाच्या मते तेवढं पुरे होतं. तिनं निखाऱ्यांवर नजर उतरवायच्या इस्पंदाच्या बिया टाकल्या, धुराची कढई घेऊन खंदकात उतरली आणि एकेका झाडाभोवती फिरवली. ठसका तिलाच लागला. पानं पिवळीच राहिली.

ओचा म्हणजे आई. ती माझी सासू, पण हाक आईचीच मारायची. तापट बाई, तोंडाची फटकळ, आणि एकदा डोक्यात एखादी गोष्ट बसली की प्रत्यक्ष इमामानं समजावलं तरी न ऐकणारी. नजर उतरवून झाल्यावर तिनं ठरवलं की झाडं उपाशी आहेत. मग शेणखत आलं. पाट्या मी वाहिल्या. महिनाभरानं नवी पालवी फुटली ती आधीच्यापेक्षा पिवळी.

लिंबोणी आमच्या खोऱ्यात उघड्यावर जगत नाहीत, थंडीनं मरतात. म्हणून माणसाच्या उंचीपेक्षा खोल खंदक खणायचा, झाडं त्यात लावायची आणि हिवाळ्यात वरून काचेच्या चौकटी झाकायच्या. आमचा खंदक सासऱ्यांनी खणला. एकट्यानं, दोन हिवाळे. झाडांना पहिलं फळ धरलं त्या साली ते गेले. आता आम्हा दोघींचं पोट त्याच खंदकावर चालायचं, कारण ओचाचा मुलगा रशियात बांधकामावर होता आणि तिकडून काही येणं केव्हाच बंद झालं होतं.

ओचाचा मुलगा म्हणजे माझा नवरा. त्याचं नाव मी घेत नाही. आधी रिवाज म्हणून घेत नव्हते, नंतर घ्यायचं कारण उरलं नाही. खरं तर पानं पिवळी पडली त्या उन्हाळ्यात तो माझा नवरा राहिलाही नव्हता, पण हे दोनच माणसांना ठाऊक होतं. एक तो, दुसरी मी.

त्याच्या आदल्या थंडीत त्याचा फोन आला होता. ओचा कुणाच्या तरी मयताला गेली होती. मी परातीत कणीक मळत होते, हात भरलेले, म्हणून फोन उताणा ठेवून कोपरानं चालू केला. मागे कसलं तरी यंत्र घरघरत होतं. तो म्हणाला, "मस्तूरा, ऐकतेयस ना?" मी म्हटलं, "ऐकतेय." मग तो तो शब्द तीनदा म्हणाला. भरभर, जसं एखादं पोर पाठ केलेलं म्हणून टाकतं आणि पळतं. आणि शेवटी म्हणाला, "ओचाला तूच सांग. मला नाही जमायचं."

मला काही वाटलं नाही. उगाच बढाई म्हणून सांगत नाहीये, खरंच काही वाटलं नाही. पीठ जास्त फुगलं तर नान आंबट होतात, म्हणून मी तंदूर पेटवला आणि नान लावले. ओचा संध्याकाळी आली तेव्हा मी तिला चहा दिला. सांगायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तीच म्हणाली, "दिलोवरचा फोन आला होता मला वाटेत. नवरोजला येतो म्हणाला." तिचा चेहरा असा झाला होता की मी तोंड मिटलं.

तेव्हापासून मी मूग गिळून बसले. लोकांना वाटेल सासूच्या दयेपोटी. अर्धं तसंच होतं. उरलेलं अर्धं असं, की सांगितलं तर मला जावं लागणार. मूल नाही, नवरा नाही, मग सून कशाची? आणि जायचं कुठे? माझी आई वारली. भाऊ अस्लिद्दीन दोन खोल्यांत सहा पोरं घेऊन राहतो, आणि वहिनी माझ्याकडे बघते ती जेवणाच्या थाळीकडे बघत बघतच. इथे मला निदान खंदक होता. खाली उतरलं की वरचं बोलणं ऐकू येत नसे.

नवरोजला, वसंतातल्या वर्षारंभाला, तो आला नाही. "कामाचं आटपत नाही," म्हणाला, "पुढच्या वर्षी नक्की." ओचा दोन दिवस जेवली नाही, मग जेवायला लागली. उन्हाळ्यात पानं पिवळी पडली, आणि शेणखतानंही काही झालं नाही तेव्हा मीच सायकलवरून बाजारात जाऊन मुअल्लिम नजमिद्दीनना घेऊन आले.

नजमिद्दीन पूर्वी सरकारी लिंबूबागेत होते, म्हणून सगळे त्यांना मुअल्लिम, म्हणजे गुरुजी म्हणतात. आता बाजारात त्यांचं खता-औषधांचं छोटं दुकान आहे. गडी बोलका. ओचाला ते लहानपणापासून ओळखतात, त्यामुळे आल्या आल्या दोघांची जुंपली.

"सबोहत, किती शेण टाकलंस गं? झाडं ढेकर देतायत."

"तुझ्या दुकानातलं विष नाही टाकलं हेच नशीब."

"अजून वेळ गेलेली नाही." त्यांनी एक कोवळं पान खुडलं आणि उजेडात धरलं. पानाच्या शिरा हिरव्या होत्या, शिरांमधली सगळी जागा पिवळी, जवळजवळ पांढरी. "हे बघ. जुनी पानं हिरवी, नवी पिवळी. उपाशी झाड उलटं वागतं, आधी जुनी पानं सोडतं. हे उपाशी नाही. याला लोह मिळत नाहीये."

"मग जमिनीत खिळे पुरू का?" ओचा म्हणाली.

"पूर की. जमिनीत आधीच हवं तेवढं लोह आहे. पण माती इतकी चुनखडीची झालीय की मुळांना ते उचलताच येत नाही. भरल्या ताटापुढे बसलंय बिचारं, पण तोंड शिवलेलं."

"मग करायचं काय?" मी विचारलं.

"मुळांचा नाद सोडायचा आणि पानांना पाजायचं. पानाच्या पाठीला बारीक तोंडं असतात, तिथून घेईल ते."

त्यांनी तांबूस भुकटीचं पाकीट दिलं आणि कसं करायचं ते सांगितलं. पाणी गाळलेलं हवं. फवारा सकाळी लवकर नाहीतर उन्हं कलल्यावर मारायचा, दुपारी मारलात तर पानं भाजतील. पानाची पाठ ओली झाली पाहिजे, नुसती वरून आंघोळ नको. "आणि लवकर बरं व्हावं म्हणून दुप्पट टाकायचं नाही," ते ओचाकडे बघून म्हणाले, "हे तुला सांगतोय, सबोहत. औषध आहे, पुलाव नाही."

पंप पाठीवर घेऊन मी त्याच संध्याकाळी खाली उतरले. लिंबोणीच्या पानाची पाठ ओली करायची तर फांदी एका हातानं वर उचलावी लागते आणि नळी खालून धरावी लागते. काटे लागतात. बाह्यांपर्यंत तांबूस पाणी ओघळतं. मला ते काम आवडलं, म्हणजे नावडलं नाही. त्या दिवसांत मला काही आवडत किंवा नावडत नसे. पण फांदी उचल, फवार, सोड, पुढची उचल, एवढं करताना दुसरं काही करावं लागत नव्हतं.

आठवड्याभरानं पानांवर हिरवे ठिपके उमटले. जिथे थेंब बसला होता तिथेच हिरवं, बाकी पिवळं. ओचानं चष्मा लावून ते पाहिले आणि इस्पंदाचा गुण उशिरा का होईना आला म्हणून देवाचे आभार मानले. मी वाद घातला नाही. पुन्हा फवारलं, ठिपके पसरले, पानं भरली. हयोतबीबी पुन्हा काठावर येऊन उभी राहिली आणि या वेळी देवाचं नाव मोठ्यानं घेऊन गेली.

पण मग नवी पालवी फुटली, आणि ती पुन्हा पिवळी.

मी दुकानात गेले. नजमिद्दीन म्हणाले, "होणारच. लोह एका पानातून दुसऱ्या पानात जात नाही. ज्याला दिलं त्याचंच. नवं पान आलं की त्याला वेगळं पाजायचं."

"किती दिवस?"

"ते मातीवर आहे. उद्या येतो मी."

आले, खंदकात उतरले, आणि या वेळी झाडांकडे बघितलंच नाही. भिंतीकडे बघत राहिले. खंदकाच्या भिंती पांढऱ्याशुभ्र होत्या, चुन्याचे थरावर थर, काही ठिकाणी पोपडे सुटून खाली पडलेले. त्यांनी बुंध्याशी माती उकरली. दोन बोटं खाली पांढरा टणक थर होता.

"भिंतीला चुना सगळेच देतात, उजेड पडतो," ते म्हणाले. "पण हे किती वेळा देता?"

"दर नवरोजला. तीन हात."

"आणि उरलेला?"

"इथेच ओततात. ओचा म्हणतात, मुंग्या येत नाहीत."

"तीन हात! लग्नघर आहे का हे?"

"त्यांचा मुलगा यायचा असतो," मी म्हटलं.

नजमिद्दीननी मातीचे हात पँटला पुसले. आमच्या गावात हे वाक्य कुणी म्हटलं की ऐकणारा दुसरीकडे बघतो. त्यांनीही बघितलं. मग म्हणाले, "पोरी, फवाऱ्यानं झाड जगेल. पण म्हणजे तू त्याला चमच्यानं भरवतेयस. चुना पडत राहिला तर एक दिवस चमचाही पुरणार नाही. फांद्यांचे शेंडे वाळायला लागलेत, बघितलंस? यंदा चुना बंद करा. नाही केलात तर दोन वर्षांत इथे सरपण मिळेल."

ओचाला मी त्याच दिवशी सांगितलं. सरळ, चुना झाडांना मारतोय म्हणून. तिनं ऐकून घेतलं, हातातला कांदा चिरून संपवला आणि म्हणाली, "पानं तर हिरवी आहेत."

"मी करते म्हणून आहेत."

"मग करत राहा. तुला दुसरं काम काय आहे?"

"ओचा, शेंडे वाळतायत."

"नवरोजला भिंती पांढऱ्या नसल्या तर लोक काय म्हणतात ठाऊक आहे ना? घरात मयत झालंय म्हणतात. माझा मुलगा मेलाय का?" तिनं सुरी खाली आपटली. "तो आला की आधी घरात येत नाही, खंदकात उतरतो. बापानं खणलेला आहे तो. उतरल्यावर त्याला काळ्या भिंती दिसू देत? चार वर्षांनी येतोय पोर माझा!"

यावर बोलण्यासारखं एकच होतं, आणि ते मी गिळलेलं होतं.

म्हणून मी फवारत राहिले. शरदात, थंडीत काचेखाली, पालवी दिसली की पंप. माझ्या हातांचा तांबूस डाग जाईना. कधीकधी मला वाटे की हे मी झाडांसाठी करत नाही. पानं हिरवी आहेत तोवर ओचाला खरं सांगायची गरज नाही, म्हणून करतेय. शेंडे वाळत होते. लिंबं सुपारीएवढी राहून गळत होती. काठावरून बघणाऱ्याला मात्र खंदक हिरवागार दिसे.

नवरोज जवळ आला. ओचानं घरातलं सगळं अंगणात काढलं आणि चुना भिजत घातला, त्यात मूठमूठ मीठ टाकलं, पोपडे धरू नयेत म्हणून. "फोन आला होता," ती ढवळता ढवळता म्हणाली. "या खेपेला तिकीट बघतोय म्हणाला." सकाळी ती बादली घेऊन खंदकात उतरली. मी आधीच खाली होते, पाठीवर पंप घेऊन. तिनं कुंचा बुडवला, निथळला, आणि भिंतीकडे वळली.

मी ठरवून काही केलं नाही. समोरच्या झाडाची एक फांदी मी उचलली होती, ती माझ्या हातात मोडली. आतून कोरडी ठक्क होती. सासऱ्यांनी लावलेल्यातलं ते झाड.

"ओचा, कुंचा खाली ठेवा. तो येणार नाही."

"तिकीट बघतोय म्हणाला."

"त्यानं मला सोडलंय. फोनवर. तीनदा म्हणाला."

कुंच्यातून चुना तिच्या बुटांवर ठिबकत राहिला. ती वळली नाही.

"कधी?"

"गेल्याच्या गेल्या थंडीत. तुम्ही मयताला गेला होतात."

"तू काय करत होतीस?"

"कणीक मळत होते."

"मग?"

"मग नान लावले."

"मी खाल्ले ते?"

"दोन खाल्लेत."

वर काचेवरून मांजर चालत गेलं. मग ती म्हणाली, "म्हणजे मागच्या नवरोजला तुला ठाऊक होतं. आणि तू माझ्या शेजारी बसून चुना कालवलास. मला म्हणालीस, ओचा, अजून थोडं मीठ घाला."

"हो."

"मी गाणं म्हणत होते."

"हो, ओचा."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिच्या शिव्या मला झेलता येतात. पण तिनं कुंचा बादलीत टाकला, बादली उचलली, मी हात पुढे केला तो बाजूला सारला, आणि एकेक पायरी करत वर गेली. फाटक उघडल्याचा आवाज आला. सगळा चुना तिनं रस्त्यावर ओतला. मी पंपातलं उरलेलं पाणी झाडांवर संपवलं, कारण कालवलेलं ठेवलं तर वाया जातं.

त्यानंतर ती माझ्याशी बोलेनाशी झाली. जेवण मी करायची, ती जेवायची. चहा द्यायची, ती प्यायची. भिंती तशाच राहिल्या, जुन्या, पोपडे निघालेल्या. हयोतबीबी फाटकातून डोकावून म्हणाली, "सबोहत, सफेदी नाही? कोण गेलं गं?" ओचा म्हणाली, "कुणी नाही. लिंबोणींना चुना सोसत नाही." आणि तिच्या तोंडावर फाटक लावलं.

एका सकाळी मला ऐकू येईल अशी ती फोनवर बोलली. माझ्या भावाशी. "अस्लिद्दीन, शुक्रवारी ये. गाडी घेऊन ये." बाकी काही नाही.

म्हणजे ठरलं. मी फक्त म्हटलं, बरं. मला वाटलं होतं की तो क्षण आला की आत काहीतरी तुटेल. तुटलं नाही. मी माझे दोन कपड्यांचे जोड बांधले. मुअल्लिमनी दिलेलं नवं पाकीट ओचासमोर ठेवलं आणि सांगायला लागले की किती पाण्याला किती, कोणत्या वेळी. ती उठून गेली. मी पाकीट दाराशी ठेवलं.

शुक्रवारी उठले तर अंगणात कापसाचा ढीग होता.

आमच्याकडे लग्नात मुलीबरोबर रजया-गाद्या येतात. आई वर्षानुवर्षं भरत असते, मुलगी जन्मली की सुरुवात करते. सासरी त्या भिंतीला रचून ठेवतात, छतापर्यंत. आणि मुलगी परत गेली की त्या तिच्याबरोबर परत जातात, मोजून. गाडी त्याच्यासाठीच लागते, म्हणून गाडी म्हटल्यावर अस्लिद्दीनला बाकी काही सांगावं लागलं नव्हतं. बाई चालतही जाऊ शकते. माझ्या रजया माझ्या आईनं भरलेल्या होत्या, आमच्या गावच्या पांढऱ्या कापसानं, वर लाल आणि जांभळी साटीन. ओचाच्या तिच्या लग्नातल्या होत्या, कापूस पिवळा पडलेला, गाठी झालेला.

नवरोजला रजया उसवून कापूस पिंजतातच, म्हणून आधी मला काही खटकलं नाही. ओचा चटईवर बसून दोन्ही हातांत काठ्या घेऊन ढिगावर मारत होती, फट फट फट, आणि कापूस उडून तिच्या केसांत बसत होता. मग मी जवळ गेले. ढीग एकच होता. माझ्या सगळ्या रजया उसवल्या होत्या. तिच्याही सगळ्या. पांढरा आणि पिवळा कापूस तिनं एकत्र टाकला होता आणि कुठला कुठला ते आता कळत नव्हतं. खोळीही फाडल्या होत्या. माझी लाल साटीन तिच्या रजईच्या जुन्या फुलाफुलांच्या पाठीला टाचून ठेवली होती.

"ओचा," मी म्हटलं, "यात माझा कापूस आहे."

"कुठला?"

"पांढरा."

"मग घे वेचून."

किती दिवसांनी ती माझ्याशी बोलत होती. काठ्या थांबल्या नाहीत. मारता मारताच ती म्हणाली, "मी त्याला फोन केला. उचलला नाही. मग हयोतबीबीच्या फोनवरून केला, तेव्हा उचलला. मागे बाळ रडत होतं. अगदी तान्हं. म्हटलं, बाळ कुणाचं रे? तर म्हणतो, ओचा, नवरोजला नक्की येतो."

"मग?"

"मग काय. ठेवला फोन." फट फट. "बाळाचा आवाज चांगला खणखणीत होता."

अस्लिद्दीन दुपारी आला, कुणाची तरी छोटी मालगाडी घेऊन. माझा भाऊ वाईट नाही, पण ज्याच्या डोक्यावर ओझं असतं त्याच्याकडे दुसऱ्यासाठी तोंड गोड करायला वेळ नसतो. तो फाटकातच थबकला. अंगणभर कापूस, आणि मधे पांढरी झालेली ओचा.

"सलाम, खोला." तो तिला मावशीच म्हणतो. "हे काय?"

"ये, ये. बहिणीच्या रजया न्यायला आलायस ना? ने." ओचानं ढिगाकडे बोट केलं. "तिच्या आईनं भरल्या होत्या त्या सगळ्या यात आहेत. तिचा तेवढा कापूस उचल. पण माझ्यातलं एक बोंडही जाता कामा नये, सांगून ठेवते. मी ओळखते माझा कापूस."

अस्लिद्दीननं वाकून मूठभर उचलला, उजेडात धरला, पुन्हा खाली टाकला. "खोला, हे कसं वेगळं करणार? देवदूत आले तरी होणार नाही."

"मग तू आलास कशाला?"

"तुम्हीच बोलावलंत!"

"बोलावलं, कारण हिशेब तोंडावर व्हावा म्हणून. उद्या कुणी म्हणायला नको, सबोहतनं सुनेची चीजवस्तू ठेवून घेतली. मी ने म्हणतेय. तूच नेत नाहीयेस."

अस्लिद्दीननं माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. मला खरंच काही कळत नव्हतं.

"खोला, तलाक झालाय," तो हळू आवाजात म्हणाला. "लोक काय म्हणतील? कुणाच्या नात्यानं राहणार ती इथे?"

ओचानं काठ्या खाली ठेवल्या. "तलाक त्यानं दिलाय. मी कुठे दिलाय? माझं तोंड आहे ना शाबूत, मला द्यायचा असेल तेव्हा मी देईन. चहा घे आणि जा, गाडीचं भाडं चढत असेल."

त्यानं चहा घेतला, नान मोडला, दोन घास खाल्ले. जाताना मला फाटकाशी नेऊन विचारलं, "मस्तूरा, तुझं काय म्हणणं आहे? येतेस का?" विचारलं ते मनापासून, पण उत्तर काय यावं असं त्याला वाटत होतं ते त्याच्या डोळ्यांत दिसत होतं, आणि मला त्याचा रागही आला नाही.

"पालवी आलीय," मी म्हटलं. "संध्याकाळी फवारायची आहे."

"बरं," तो म्हणाला. त्याचे खांदे जरा सैल झाले. रिकामी गाडी खडखडत गेली, रस्त्यावर वाळलेल्या चुन्यात चाकांचे ठसे उठवत.

मी परत आले तेव्हा ओचानं लाल साटीनची खोळ चटईवर पसरली होती आणि त्यात कापूस सारखा करत होती, कोपऱ्यांत जास्त, मधे कमी, नेहमीसारखा. तिनं वर न बघता सुई आणि दोऱ्याची रीळ माझ्याकडे सरकवली.

"बघत काय उभी राहिलीस? दोरा ओव. मला दिसत नाही."

मी बसले. दोऱ्याचं टोक ओलं केलं, पिळलं, सुई उजेडात धरली. दोरा नेढ्याच्या बाजूनं गेला. पुन्हा धरली. पुन्हा गेला. समोर सुईच्या जागी नुसतं पाणी दिसत होतं.

"काय झालं?"

"मलाही दिसत नाही, ओचा."

तिनं कापसातून हात काढला नाही. "मग आधी रडून घे," ती म्हणाली. "दोरा काही पळून जात नाही."